ग्राहकांची जमात कोणाच्या पैशावर उभी असते?

दारू बनवणाऱ्या कंपनीची बाजू घेऊन लिहायची वेळ माझ्यावर येईल, असं कधी वाटलं नव्हतं. पण १६ फेब्रुवारी २०१७ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालाबद्दल वाचलं आणि थोडा वेळ का होईना, डियाजिओ या कंपनीची दया आली. जॉनी वॉकर ही व्हिस्की यांचीच. (आपल्या बद्रुद्दीन काझींना गुरुदत्तनी पडद्यावरचं नाव दिलं ते याच बाटलीवरून. ते स्वतः पीत नसत, हा भाग वेगळा.)

निकाल दारूचा नव्हता, सॉफ्टवेअरचा होता. डियाजिओने २००४ साली सॅप या जर्मन कंपनीकडून कारभाराचं सॉफ्टवेअर घेतलं. खरेदी, विक्री, गोदाम, पगार, हिशेब असं सगळं एकाच वहीत आणणारं हे सॉफ्टवेअर. आपल्याकडे मुंबई महानगरपालिकेपासून मोठमोठ्या कारखान्यांपर्यंत अनेकांचा कारभार याच सॅपवर चालतो. डियाजिओने त्यापोटी काही वर्षांत पाच कोटी पौंडांहून जास्त रक्कम मोजली होती. पुढे २०११-१२च्या सुमारास तिने सेल्सफोर्स नावाच्या दुसऱ्याच कंपनीच्या व्यवस्थेवर दोन नवीन प्रणाली उभ्या केल्या. एक स्वतःच्या विक्री प्रतिनिधींसाठी, दुसरी दुकानदार-ग्राहकांनी थेट ऑर्डर टाकावी म्हणून. या प्रणाली मागच्या बाजूने सॅपमधल्या माहितीशी बोलत होत्या. सॅप म्हणाली, म्हणजे ही सगळी माणसं आमचं सॉफ्टवेअर वापरतात. त्यांचा परवाना कुठाय? काढा आणखी ५ कोटी ४५ लाख पौंड.

न्यायाधीशांनी करार वाचला. सॉफ्टवेअर 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे' वापरायचा हक्क फक्त नोंदलेल्या वापरकर्त्यांना आहे, अशा अर्थाचं कलम त्यात होतं. सॅप जिंकली. नेमकी रक्कम नंतर ठरायची होती, पण तत्त्व ठरून गेलं. एका शब्दावर. 'अप्रत्यक्षपणे'. २००४ साली हा शब्द लिहिला गेला तेव्हा आयपॅड जन्मालाच आला नव्हता.

न्यायाधीशांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर कागद होता, कागदावर शब्द होता. पण मदरशात थोडंफार शिकलेल्या माणसाला इथे एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्या फिकहमध्ये 'गरर' नावाची संकल्पना आहे. ज्या सौद्यात नेमकं काय विकलं जातंय किंवा किमतीला काय विकलं जातंय याचाच पत्ता नाही, तो सौदा दूषित मानला जातो. पाण्यातला न पकडलेला मासा, आकाशात उडणारं पाखरू, ही त्याची नेहमीची उदाहरणं. मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण आठ वर्षांनी कोण कुठल्या यंत्रातून ती वही उघडेल आणि त्याचं बिल किती येईल, हे करार करताना विकणाऱ्यालाही ठाऊक नसेल, तर मला तो मासा अजून पाण्यातच दिसतो.

माझा एक भाचा पुण्यात सॅपचंच काम करतो. गेल्या ईदला शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या होईपर्यंत आमचा यावर वाद चालला. तो म्हणाला, "मामू, तुम्हाला वाटतं कंपनीने सॉफ्टवेअर विकत घेतलं. खरं म्हणजे ती पागडीची खोली आहे." उपमा इतकी चपखल होती की मी वाद सोडून दिला. भेंडीबाजार-नागपाड्यात वाढलेल्याला पागडी समजावून सांगावी लागत नाही. एकरकमी भलीमोठी रक्कम द्यायची, तरी मालक होत नाही. दर महिन्याला भाडं चालूच. भिंतीला खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारायचं. आणि खोली सोडायची म्हटलं तर ज्या रकमेला घेतली ती पुन्हा हाती येईल याची खात्री नाही. कारखान्याचं सॉफ्टवेअर असंच असतं. परवान्याची रक्कम एकदा द्या, मग दरवर्षी त्या रकमेच्या काही टक्के 'देखभाल फी' देत राहा. सोडून जाता येतं का? कागदावर येतं. प्रत्यक्षात पाच-दहा वर्षं रुळलेली वही फेकून नवी घ्यायची म्हणजे सगळ्या कामगारांना नव्याने शिकवायचं, जुना डेटा हलवायचा, दोन वर्षं गोंधळ सहन करायचा, आणि त्यात कंपनीच बसली तर?

अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० साली मांडलं होतं की नाराज माणसापुढे दोनच रस्ते असतात: निघून जाणं किंवा आवाज उठवणं. जिथे निघून जाणं महाग पडतं, तिथे आवाजाची किंमत वाढते. एकट्याचा आवाज मात्र ग्राहकसेवेच्या फोनवर वाजणाऱ्या संगीतात विरून जातो. म्हणून ग्राहक एकत्र येतात.

जर्मनीत असं एक मंडळ आहे. त्याचं नाव डीएसएजी. जर्मन बोलणाऱ्या देशांतल्या सॅप वापरणाऱ्यांचं हे मंडळ १९९७ साली स्थापन झालं. आपल्या नोंदणीकृत संस्थेसारखी त्याची नोंदणी आहे, सदस्य कंपन्या वर्गणी भरतात, पदाधिकारी सदस्यांमधून निवडून येतात. गंमत म्हणजे त्याचं कार्यालय वॉल्डोर्फ या छोट्या गावात आहे, आणि सॅपचं मुख्यालयही तिथेच. पाटलाच्या वाड्यासमोरच कुळांच्या संघटनेचं ऑफिस. अमेरिकेतलं मंडळ याहून जुनं. पुढे २००७ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या अशा मंडळांनी मिळून सुगेन नावाचं एक व्यासपीठ केलं. ते जेमतेम उभं राहतंय तोच त्याची परीक्षा आली.

जुलै २००८ मध्ये सॅपने जाहीर केलं की देखभालीची जुनी योजना बंद. आता सगळ्यांना नवी, जास्त सेवा देणारी योजना घ्यावी लागेल आणि फी टप्प्याटप्प्याने परवान्याच्या १७ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर जाईल. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. हिशेब करा. एक कोटीचा परवाना असेल तर वर्षाला १७ लाखांऐवजी २२ लाख, म्हणजे जवळपास ३० टक्के वाढ. आणि २२ टक्के म्हणजे पाच वर्षांच्या आत खरेदीची सगळी रक्कम पुन्हा एकदा भरणं. महत्त्वाचं म्हणजे निवड ठेवलीच नव्हती. 'मला ती जास्तीची सेवा नको, जुनीच पुरे' असं म्हणायची सोय नव्हती. दोनच महिन्यांनी अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि जगभरचे कारखाने एकेक पैसा वाचवू लागले. अशा वेळी हा बडगा.

सॅपने हे का केलं, हे समजून घ्यायला हवं, नाहीतर आपण फक्त शिव्या देत बसू. नव्या विक्रीवर मंदीचा घाला पडतो, देखभालीची फी मात्र आपोआप येत राहते. २००९ साली सॅपचं जवळपास निम्मं उत्पन्न या देखभालीतूनच आलं. ज्या विहिरीला पाणी लागलंय तिथेच आणखी खोदायचा मोह कुणाला होत नाही? शिवाय प्रतिस्पर्धी ओरॅकल आधीपासून २२ टक्के घेतच होती.

ग्राहक मंडळांनी काय केलं? मोर्चा काढला नाही, बहिष्काराची घोषणा दिली नाही. त्यांनी हिशेब मागितला. जास्त पैसे कशासाठी? तुमच्या नव्या सेवेने आमचं काय वाचतं ते मोजून दाखवा. आणि सॅपला हे मान्य करावं लागलं. एप्रिल २००९ मध्ये सुगेनसोबत समझोता झाला: वाढ २०१५ पर्यंत लांबवायची आणि ठरलेल्या निकषांवर सेवेचा फायदा सिद्ध झाला तरच पुढची पायरी चढायची. डिसेंबरात सॅपने २०१०ची वाढ पुढे ढकलली. जानेवारी २०१० मध्ये तर माघारच घेतली आणि स्वस्त, साधी योजना पुन्हा निवडीसाठी ठेवली. त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला सॅपचे प्रमुख लिओ आपोथेकर पायउतार झाले. ते काही एकट्या ग्राहक मंडळांमुळे गेले असं नाही. विक्री घटली होती, कर्मचारी नाराज होते. पण ग्राहकांचा विश्वास गमावला हे त्या यादीत होतं आणि कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या हासो प्लाटनर यांनी ते लपवलं नाही.

हा प्रसंग वाचताना माझ्या डोक्यात मक्का होती. कुठे वॉल्डोर्फ, कुठे मक्का, असं वाटेल. पण सीरतच्या पुस्तकांत हिल्फ-उल-फुजूलची हकिकत येते ती आठवा. यमनच्या जबीद गावचा एक व्यापारी माल घेऊन मक्केत आला. कुरैशचा एक वजनदार सरदार, आस बिन वाइल, याने माल घेतला आणि पैसे द्यायला नकार दिला. व्यापाऱ्याचं मक्केत कुणी नव्हतं. ना कबिला, ना नातं. तो अबू कुबैसच्या टेकडीवर चढला आणि काबाजवळ बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने आपली कैफियत मांडली. त्यावर काही कबिल्यांची माणसं अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी जमली आणि त्यांनी शपथ घेतली की मक्केत कुणावरही जुलूम झाला, तो आपला असो वा परका, तर हक्क मिळेपर्यंत आपण त्याच्या बाजूने उभे राहू. हजरत मुहंमद (स.) त्या वेळी तरुण होते, नबुव्वत मिळायची होती, आणि ते त्या बैठकीला हजर होते. नंतरच्या काळातही त्यांनी त्या कराराची आठवण अभिमानाने काढली आणि आजही कुणी अशा कामासाठी हाक दिली तर मी जाईन, असं सांगितलं.

आपल्याकडे जुम्याच्या बयानात हा प्रसंग न्यायाची शिकवण म्हणून सांगितला जातो. ते बरोबरच आहे. पण मुळात ती बाजारातली भानगड होती, हे आपण विसरतो. थकलेलं बिल होतं. आणि त्यावरचा उपाय एका भल्या माणसाची दया हा नव्हता. उपाय होता संघटना. व्यापारी एकटा होता तोवर आस बिन वाइल हलला नाही. बाकीचे एकत्र आले तेव्हा त्याने पैसे दिले.

आता इथे मला डीएसएजीसारख्या मंडळांची एक खोट दाखवायची आहे. हिल्फच्या बैठकीत यमनचा तो व्यापारी सदस्य नव्हता. त्याने वर्गणी भरली नव्हती. तो परका होता, आणि करार परक्यासाठीही होता. ग्राहक मंडळं मात्र सदस्यांसाठी असतात आणि सदस्यांतही ज्याचं बिल मोठं त्याचा आवाज मोठा. गाड्या बनवणारी अवाढव्य कंपनी आणि शंभर कामगारांचा कारखाना एकाच सभागृहात बसतात खरे. पण मधल्या सुट्टीत सॅपचे अधिकारी कुणाच्या टेबलाशी जाऊन बसतात, हे सांगायला नको.

आणि याहून मोठी अडचण वेगळीच आहे. भाच्याने ती सांगितली तेव्हा मला आमच्या मोहल्ल्यातले दोन-चार चेहरे आठवले. या धंद्यात दर सगळ्यांना एकच नसतो. प्रत्येक मोठ्या ग्राहकाशी सवलत वेगळी ठरते आणि बहुतेक वेळा ती बाहेर सांगायची नाही अशी अट असते. म्हणजे मंडळाच्या सभेत ठरावाला हात वर करणारा माणूस दुसऱ्या दिवशी विक्रेत्यासमोर बसून आपल्यापुरती सूट मागत असतो. त्याला दोष कसा द्यावा? तो आपल्या कंपनीचा नोकर आहे. पण मंडळ फुटतं ते इथेच. डियाजिओनंतर बिअर बनवणाऱ्या एबी इनबेव्हवर सॅपने ६० कोटी डॉलर्सपर्यंतचा दावा लावला. ते प्रकरण बंद दाराआड मिटलं. कशावर मिटलं हे बाहेर आलं नाही. कंपनीची सुटका झाली, बाकीच्यांच्या हाती काहीच लागलं नाही. मोहल्ल्याच्या नळासाठी शंभर सह्या गोळा करायच्या आणि शेवटी एका घराला वेगळं कनेक्शन मिळून अर्ज थंड व्हायचा, हे आपण पाहिलेलं नाही का?

'अप्रत्यक्ष' वापराच्या बाबतीत मात्र मंडळांनी प्रकरण थंड होऊ दिलं नाही. ब्रिटन-आयर्लंडचं मंडळ, जर्मन मंडळ, सुगेन सगळे मागे लागले. एप्रिल २०१८ मध्ये सॅपने नवी पद्धत आणली. बाहेरच्या यंत्रणेतून येणारी माणसं मोजायची नाहीत, तर त्यातून तयार होणारे दस्तऐवज मोजायचे: विक्रीची ऑर्डर, खरेदी, बिल अशा नऊ प्रकारचे. शिवाय ग्राहकांची तपासणी करणारा विभाग विक्री विभागापासून वेगळा केला. ही दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. आधी तपासनीस आणि विक्रेता एकाच घरचे होते. तपासणीत 'तूट' सापडायची आणि तीच तूट भरून काढणारा नवा माल विक्रेत्याच्या पिशवीत तयार असायचा. वजनमापं तपासणारा मुहतसिब स्वतःच धान्याचं दुकान चालवतोय, अशी ती तऱ्हा. मावर्दींनी अकराव्या शतकात मुहतसिबाच्या कामावर जे सविस्तर लिहून ठेवलं, त्यात त्याला राज्याने नेमलेला अधिकारी म्हटलं आहे, बाजारातला भागीदार नव्हे.

स्वस्त झालं का? सगळ्यांना नाही. काहींचं बिल नव्या पद्धतीत वाढणार होतं, म्हणून त्यांनी जुनीच ठेवली. पण आता काय मोजलं जातंय हे तरी कळतं. मासा निदान टोपलीत आला.

प्रत्येक वेळी मंडळं जिंकतात असा समज होऊ नये म्हणून एक जुनी हार सांगतो. ग्राहक मंडळांची सगळी परंपराच जिथून सुरू होते ते शेअर नावाचं मंडळ १९५५ साली लॉस एंजेलिस परिसरात आयबीएमचे संगणक वापरणाऱ्यांनी स्थापन केलं. तेव्हा सॉफ्टवेअर विकत मिळत नसे, जो तो आपापलं लिहायचा. म्हणून एकमेकांना द्यायचं ठरलं. नावच 'वाटून घेणं'. या लोकांनी आयबीएमच्या यंत्रासाठी मिळून कार्यप्रणालीसुद्धा घडवली. आयबीएमही बरीच वर्षं आपल्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर ग्राहकांना देत असे. ते त्यातल्या चुका शोधायचे, दुरुस्त्या करायचे, कंपनीला परत कळवायचे. १९८३च्या फेब्रुवारीत आयबीएमने जाहीर केलं की यापुढे मूळ मजकूर मिळणार नाही, फक्त यंत्राला कळेल असं रूप मिळेल. शेअरच्या लोकांनी वर्षानुवर्षं समजावलं, ठराव केले, कारणं मांडली. कंपनी बधली नाही.

फरक काय पडला? मला वाटतं, पैशाचा. देखभालीच्या फीत ग्राहक 'भरणार नाही' किंवा 'कमी भरू' म्हणू शकत होते. त्या धमकीला दात होते. मूळ मजकुराच्या मागणीला ज्ञानाची, सवयीची, मैत्रीची बाजू होती, पण तो दिला नाही म्हणून आयबीएमचा एक पैसा बुडत नव्हता. विक्रेता तुमचा मित्र असतो तोवरच्या सगळ्या सोयी ही मेहेरबानी असते. मेहेरबानी मागे घेता येते. विक्रेत्यांच्या भाषणात 'आपलं कुटुंब', 'आमचे भागीदार' असे शब्द वाढले की मला तर खिसा तपासावासा वाटतो.

सध्या चाललेला वाद पुन्हा सॅपचाच आहे आणि त्यात मी पूर्णपणे ग्राहकांच्या बाजूने नाही. जुलै २०२३ मध्ये सॅपचे प्रमुख ख्रिस्तियान क्लाइन यांनी सांगितलं की कृत्रिम बुद्धिमत्तेसारख्या नव्या गोष्टी फक्त क्लाउडवर येणाऱ्यांना मिळतील. ज्यांनी सॉफ्टवेअर आपल्या स्वतःच्या यंत्रांवर ठेवलंय त्यांना नाही. डीएसएजीने कडाडून विरोध केला. तिचं म्हणणं होतं, आमच्या कित्येक सदस्यांनी तुमच्याच सांगण्यावरून २०१५ साली आलेली नवी आवृत्ती घेतली, कोट्यवधी खर्चून आपल्या यंत्रांवर बसवली, आणि आता तुम्ही म्हणता की ती वाटच चुकीची? हा राग रास्त आहे. पण दुसरी बाजूही आहे. जुनी आवृत्ती सोडा असं सॅप वर्षानुवर्षं सांगत होती. तिची मुदत आधी २०२५ होती, २०२०च्या फेब्रुवारीत ती २०२७ केली, वर जादा पैसे भरून २०३० पर्यंतची सोय ठेवली. मुदतवाढ मिळतेय म्हणून कित्येक जण हललेच नाहीत. परीक्षा पुढे ढकलली की अभ्यासही पुढे ढकलणाऱ्या पोरांसारखं. प्रत्येक कारखान्याच्या तळघरातल्या जुन्या यंत्रावर नवी बुद्धिमत्ता चालवून द्या, ही मागणी मला ओढूनताणून वाटते.

मात्र क्लाउडमध्ये गेल्यावर पागडीसुद्धा उरत नाही. निव्वळ भाडं. भाडं थांबलं की खोली बंद. तेव्हा जायचंच असेल तर कोणत्या अटींवर, भाडं कशाने वाढेल, निघताना सामान कसं मिळेल, हे आताच लिहून घ्यायला हवं. मंडळाने आपला आवाज तिथे खर्चावा असं मला वाटतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने सॅपच्या याच देखभालीच्या व्यवहाराची औपचारिक चौकशी सुरू केली. आयोगाच्या शंका वाचल्या तर मंडळांच्या सभांतल्या जुन्या तक्रारींशी त्या फार जुळतात. सगळ्या परवान्यांची देखभाल एकाच प्रकारे आमच्याकडूनच घ्या. न वापरलेल्या परवान्यांची देखभाल बंद करता येणार नाही. मध्ये सोडून परत आलात तर मधल्या काळाचीही फी भरा. यावर सॅपने काही आश्वासनं देऊ केली आहेत. आरोप सिद्ध झालेला नाही, ही चौकशी आहे, हे लक्षात ठेवूनच मी लिहितोय. पण १७ वर्षांपूर्वी जे मंडळ 'हिशेब दाखवा' म्हणत होतं, तोच प्रश्न आता सरकारी मोहोर घेऊन विचारला जातोय.

हे सगळं मी या जागेवर का लिहितोय, असं नेहमीचे वाचक विचारतील. इथे आपण बहुतेक वेळा दर्गे, भाषा, दंगली, आरक्षण यांवर बोलतो. कारण असं की आपल्याकडे जमाती, अंजुमन, ट्रस्ट, कमिट्या यांची कमी नाही. कमी आहे ती समोरच्याकडे हिशेब मागणाऱ्या आणि स्वतःचाही हिशेब देणाऱ्या कमिटीची. बिल्डरकडे सदनिकाधारकांचं गाऱ्हाणं घेऊन जाणाऱ्या कमिटीच्या इफ्तारचा खर्च तोच बिल्डर उचलतो, हे मी पाहिलं आहे. त्या इफ्तारनंतर लिफ्टचा विषय कसा निघणार? ग्राहक मंडळांनाही हाच रोग लागतो. संमेलनाचा मंडप विक्रेत्याच्या पैशाने, व्यासपीठावर विक्रेत्याचा साहेब, पिशवीवर विक्रेत्याचं चिन्ह. काही मंडळं विक्रेत्यासोबतच मेळावे भरवतात. तिथे शिकायला खूप मिळतं, हे मान्य. पण भाच्याच्या मते अशा ठिकाणी अवघड प्रश्न शेवटच्या सत्रात येतो, तेव्हा अर्धे लोक विमानतळाकडे निघालेले असतात.

भाच्याची आणखी एक गोष्ट सांगतो. तो चाकणच्या एका कारखान्यासाठी काम करत होता. सॉफ्टवेअर सॅपचं नव्हे, दुसऱ्याच एका कंपनीचं, तिचं नाव लिहीत नाही. करार नूतनीकरणाला आला आणि फी एकदम चढली. त्याने तिथल्या साहेबांना विचारलं, याच पट्ट्यात आणखी कोण हे वापरतं? दोन कारखाने निघाले. एक भोसरीत, एक रांजणगावात. दर एकमेकांना सांगायची करारात मनाई होती, म्हणून पहिल्या भेटीत तिघांनी दराचा विषयच काढला नाही. कोणत्या तक्रारीला किती दिवसांत उत्तर आलं, एवढंच वहीत लिहिलं. तिसऱ्या भेटीपर्यंत वहीची चौदा पानं भरली होती. मग तिघांनी मिळून एक पत्र पाठवलं, आणि विक्रेत्याच्या मुंबई ऑफिसातून पहिल्यांदाच कुणीतरी स्वतः फोन केला.

फी कमी झाली का, असं मी विचारलं. "अजून नाही मामू," तो म्हणाला. विक्रेत्याने तिघांना एका चांगल्या हॉटेलात जेवायला बोलावलं होतं. हे लोक गेले, पण आपापलं बिल स्वतः भरून आले. वेटर गोंधळला म्हणे, एका टेबलाची चार बिलं करायला त्याला बराच वेळ लागला.